अख्खा तांडा खिशात

कुलदीप राठोडला आपल्या हुशारीबद्दल आयुष्यात कधी शंका आली नाही. शंका घेण्याचं खातं त्याने जाई पाठककडे दिलं होतं आणि ती ते मन लावून सांभाळायची. दोघं नांदेडला एका वर्गात शिकले, पुण्याला एका कंपनीत कंटाळले आणि हिंगोलीला परत येऊन मोंढ्याच्या बाजाराजवळ, एका हळदीच्या आडत दुकानाच्या माडीवर, त्यांनी सॉफ्टवेअरचं दुकान थाटलं. खाली हळदीची पोती उलटायची, वर कीबोर्ड पिवळे व्हायचे. कोपऱ्यात एक काळं कपाट होतं, त्यात सर्व्हर. गिऱ्हाइकांची सगळी माहिती त्या कपाटात. जाई रोज सकाळी त्याच्यावरची हळद पुसायची, आणि खालचे हमाल समजायचे की बाई मशीनची पूजा करते.

कामाची वाटणी सरळ होती. लोकांना जे दिसतं, म्हणजे पडदे, बटणं, रंग, ते कुलदीपचं. कपाट जाईचं. कपाटाचा पासवर्डही तिच्याकडेच, कारण कुलदीपने एकदा 'जरा बघतो' म्हणून आत हात घातला आणि एका दूध डेअरीच्या रेकॉर्डमधून एका गावच्या सगळ्या म्हशी नाहीशा केल्या. म्हशी जाईने दुपारपर्यंत परत आणल्या, पासवर्ड मात्र परत दिला नाही.

जाई औंढ्याची. तिचे वडील राधाकृष्ण गुरुजी नागनाथाच्या देवळात पूजाअर्चा करणारे. तिथला गाभारा जमिनीखाली, आणि उतरायची वाट एवढी अरुंद की जाड माणसाने आधी श्वास सोडायचा आणि मग पाय टाकायचा. गुरुजींनी जन्मभर भाविकांना एकच वाक्य ऐकवलं: पिशव्या वर ठेवा, खाली नुसतं या. जाईचं सगळं कॉम्प्युटरचं ज्ञान त्या एका वाक्यातून निघालं होतं. वाट अरुंद आहे, तिच्यातून लागेल तेवढंच न्यावं, बाकीचं जिथे आहे तिथेच राहू द्यावं.

कुलदीपचं घराणं लदेणीचं. त्याच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरवलं. आता तांडा शेती करतो, हळद आणि सोयाबीन काढतो, पण माल उचलून नेण्याचं कसब रक्तातून जात नाही असं कुलदीपचं ठाम मत होतं. त्याचा कोणताही प्रोग्राम पहिल्यांदा काय करायचा, तर कपाटातली सगळीच्या सगळी माहिती उचलून गिऱ्हाइकाच्या मशीनवर आणून ओतायचा आणि मग तिथे बसून निवडायचा. बियाण्याच्या दुकानात कुणी एका वाणाची चौकशी केली, तरी दुकानातला अख्खा साठा आधी तारेतून यायचा, मग त्यातलं एक पोतं दिसायचं. दुकानदार तोवर गिऱ्हाइकाला चहा पाजायचा आणि सॉफ्टवेअर फार खोल विचार करतं असं सांगायचा.

असं सगळं बरं चाललं होतं. मग एका दुपारी धर्मसिंग चव्हाण माडीचा जिना चढून वर आले.

धर्मसिंग म्हणजे कळमनुरी तालुक्यातल्या वरच्या तांड्याचे नायक. दर वर्षी वारंगा फाट्याच्या एका मंगल कार्यालयात ते समाजाचा वधू-वर मेळावा भरवायचे आणि दर वर्षी तो भांडणात संपायचा. भांडणाचं कारण नेहमीचं. कुणाच्या घराने कुणाच्या घराला नकार दिला हे जेवणाच्या पंगतीत फुटायचं आणि पंगत अर्ध्यावर उठायची.

"ॲप करा," नायक म्हणाले. "हो-न्हाई घराचं राहील, एका घराला एक फोन, ही आपली रीत. पोरापोरींनी काय बोलायचं ते घरात बोलावं. दोन्हीकडून पसंत आलं तरच दोघांच्या फोनवर निरोप जावा. एका बाजूनं न्हाई आलं, तर ते जिथल्या तिथं मरावं. कुणाला कळू नये."

"तुमच्या घराचं बटण कोण दाबणार, नायक?" कुलदीपने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"शितल दाबील. तिला शिकवलं ते काय माझ्या बोटानं दाबायला?"

कुलदीपने ते काम फुकटात घेतलं. समाजसेवा, असं तो जाईला म्हणाला. जाईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. शितल चव्हाण कोण हे तिला चांगलं ठाऊक होतं. कॉलेजच्या दिवसांत कळमनुरीहून हिंगोलीला येणाऱ्या एकाच एसटीत कुलदीप आणि शितल रोज बसायचे. शितल पुढे परभणीला शेतीचं शिकून आली आणि हिंगोलीत मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत लागली. त्या एसटीत कुलदीप तिच्याशी क्रिकेटपासून सोयाबीनच्या भावापर्यंत सगळं बोलला होता. जे बोलायला हवं होतं तेवढं सोडून.

ॲप कसं करायचं यावरून पहिल्याच दिवशी वाजलं.

"जुळणी सर्व्हरवर कर," जाई म्हणाली. "फोनने फक्त विचारायचं, माझ्या घराशी कुणाचं जुळलं का. कपाटाने तेवढंच सांगायचं."

"अगं, कपाट एक आन् माणसं हजार. सगळी एकदम तुटून पडली तर त्याचा जीव जाईल. ज्याच्या त्याच्या खिशात फोन हाय. सगळं फोनात पाठव, फोन निवडतील."

"कपाटाला निवडायला काही तकलीफ होत नाही. त्याचा जन्मच निवडण्यासाठी झालाय. तकलीफ वाहून नेण्यात आहे."

"वाहणं आमच्याकडं लागलं."

"आणि जे दाखवायचं नाही, ते मुळात पाठवायचंच काहून?"

"फोन लपवील ना."

जाई म्हणाली की मेळाव्यातले नकार प्रत्येकाच्या खिशात पाठवून वर ते लपवणं म्हणजे बाजारात कपडे काढून डोळे मिटून घेणं. कुलदीप म्हणाला की पडद्याचं काम त्याचं आहे आणि पडद्यामागे काय ठेवायचं तेही तोच बघेल. जाईच्या अंगावर तेव्हा एका कोचिंग क्लासचं काम पडलं होतं. तिने हात झटकले. हे तिचं चुकलंच, आणि पुढे तिने तसं कबूलही केलं, पण एकदाच आणि हळू आवाजात.

आता खरी गोष्ट. कपाटाच्या जीवाची कुलदीपला काडीचीही काळजी नव्हती. सगळी माहिती फोनात यायला हवी होती, कारण तपासणीसाठी ॲप त्याच्याही फोनात असणार होतं. कपाट जाईच्या ताब्यात. आतलं ती त्याला मेली तरी दाखवणार नव्हती. पण सगळी घरं, सगळी पसंती आणि सगळे नकार एकदा फोनात उतरले, की लपवणारा पडदा बाजूला सारणं त्याच्या डाव्या हाताचा मळ होता. शितल आपल्याबद्दल काय दाबते, एवढंच त्याला बघायचं होतं. तोंडाने विचारायचं, तर ती नाही म्हणण्याची भीती. आणि नाही ऐकण्याची त्याला सवय नव्हती, कारण हुशार पोरगं म्हणून तांड्यात आजवर त्याला कुणी नाही म्हटलंच नव्हतं.

ॲप सुरू झालं. घराघरांतून बटणं दाबली जाऊ लागली. कुलदीप सकाळी दात घासण्याआधी पडदा बाजूला सारून बघायचा. शितलने एका तलाठ्याला नको दाबलं. त्याने आनंदाने चूळ भरली. शितलने पुण्याच्या इंजिनिअरला नको दाबलं. त्या दिवशी त्याने हमालांना भजी खाऊ घातली. पण त्याच्या नावापुढे ती काहीच दाबत नव्हती. ना पसंत, ना नको. रिकामी जागा.

"रिकामी म्हणजे नको न्हाई," तो स्वतःला समजवायचा. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचा.

त्याच्या घराचं बटण आईकडे होतं. निर्मलाबाई तांड्यावर राहायच्या, आणि घराचा फोन म्हणजे त्यांचाच फोन. आठवड्याने घरी गेला की कुलदीप विचारायचा, "याडी, दाबलं का?" याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. याडी म्हणायची, "दाबलं, दाबलं." एकदा ती म्हणाली, "अरे, नायकाकडं कधी जायचं? म्या मागणीचा गूळ आणून ठेवला." कुलदीप म्हणाला, "थांब जरा. ती काय म्हणते ते आधी बघतो." निर्मलाबाईंना काही ते पटलं नाही, पण पोरगं कॉम्प्युटरवालं आहे, त्याच्याकडे बघायची काही तरी सोय असेल, असं समजून त्या थांबल्या.

याडीने नक्की काय दाबलं हे बघायचं मात्र कुलदीपला कधी सुचलं नाही. सगळ्या तांड्याच्या घरात डोकावणारा माणूस स्वतःच्या घरात बघायला विसरला.

मेळाव्याच्या दिवशी वारंगा फाट्याला जत्रा लोटली. नांदेडकडून, पुसदकडून, यवतमाळकडून जीपा भरभरून आल्या. म्हाताऱ्या ठेवणीतले काचा जडवलेले कपडे काढून नटल्या होत्या, पोरं नवे बूट घालून लंगडत होती. दारातल्या टेबलावर शितल नावं लिहून घेत होती. तिने कुलदीपला बघून "आलास का?" एवढं विचारलं आणि त्याने त्या दोन शब्दांचा अर्थ लावत स्टेज गाठलं. जाई एका कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसली. कपाट हिंगोलीला होतं, पण इथून ती त्याच्यापर्यंत पोचू शकत होती.

कुलदीपने माईक घेतला आणि छाती फुगवून सांगितलं की इथे कुणाचा नकार कुणालाही दिसणार नाही, अगदी त्याला स्वतःलासुद्धा. जाईने मान खाली घातली. मग माईक थावरा आडेंच्या हातात गेला. हे समाजातले जुने सूत्रसंचालक, आवाज खणखणीत, आणि दिलेला कागद स्वल्पविरामासकट वाचणारे. त्यांना समजावलेलं काम सोपं होतं. दोन्ही घरांची पसंती जुळली की ती नावं त्यांच्या फोनवर येतील, ती त्यांनी जाहीर करायची.

"आता सगळ्यांनी ॲप उघडा," कुलदीप म्हणाला.

इथे तांड्यातल्या फोनांबद्दल थोडं सांगायला हवं. नवा फोन घेतो शहरात नोकरीला गेलेला पोरगा. त्याने दुसरा घेतला की पहिला बापाकडे येतो. बापाने तो दोनदा मोटेच्या विहिरीत पाडला की आईकडे येतो. म्हणजे ज्या बाईच्या हातात घराच्या सोयरिकी असतात, तिच्या हातात येईपर्यंत फोनाची काच चिकटपट्टीवर आणि बाकीचा फोन देवाच्या भरवशावर असतो. कुलदीपचं ॲप आधी सगळी माहिती पडद्यावर मांडायचं, मग त्यातलं लपवायचं ते लपवायचं. त्याच्या महागड्या नव्या फोनवर हे डोळ्याचं पातं लवण्याआधी उरकायचं, म्हणून त्याला ते कधी दिसलंच नव्हतं. तपासून त्याने त्या एकाच फोनवर पाहिलं होतं.

फाट्यावर टॉवर एक. त्या एका टॉवरमधून एकाच वेळी शेकडो फोन अख्खा समाज खाली ओढायला लागले. बराच वेळ नुसती चक्रं फिरली. मग माहिती आली, सगळी आली, फोनांनी ती पडद्यावर मांडली. आणि लपवण्याची पाळी आली तेव्हा त्या बिचाऱ्यांचा दम संपला. सगळं उघडं टाकून ते जागच्या जागी थिजले.

मंडपात कुठून तरी एक म्हातारी म्हणाली, "हे काय, राठोडाच्या पोराला राठोडाची पोरगी दाखवून राहिले? भाऊ-बहीण व्हय ते." कारण एका कुळात लग्न होत नाही म्हणून गाळायची नावंसुद्धा फोननेच गाळायची होती. आणि तेवढ्यात थावरा आडेंनी माईक तोंडाशी धरला. त्यांच्या फोनवर यादी आली होती. यादी आली की वाचायची, एवढंच त्यांना माहीत.

"पवारांचं घर, जाधवांच्या पोरीला नको," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "जाधवांचं घर, पवारांच्या थोरल्याला नको, धाकट्याला पसंत. आडेंचं घर," इथे ते जरा अडखळले, कारण आडे म्हणजे तेच, "आडेंच्या पोराला चव्हाणांकडून नको, पवारांकडून नको, जाधवांकडून नको." पण कामाला पक्का माणूस. पुढे वाचत राहिले.

कुलदीप स्टेजकडे धावला. वाटेत दोन पवार आणि एक जाधव एकमेकांच्या गचांड्या धरून उभे होते, त्यांच्या मधून वाट काढेपर्यंत उशीर झाला.

"राठोडांचं घर, निर्मलाबाई," थावरा म्हणाले, "नायकाच्या शितलला नको."

भांडणारेही थांबले, कारण याच्यापुढे त्यांचं भांडण काहीच नव्हतं. ज्या पोराने ॲप केलं, त्याच्या घराने नायकाच्या पोरीला नाकारलं होतं, आणि तेही नायकाच्याच मांडवात, माईकवरून.

धर्मसिंग हळूहळू उठले. "कुलदीप," ते म्हणाले, "हे तुझ्या घरचं उत्तर हाय का?"

कुलदीपचं डोकं एरवी एवढं चालणारं, पण तेव्हा फक्त तोंड चाललं. "न्हाई, नायक. मी कसा नको म्हणीन? उलट शितलनंच माझ्यापुढं काही दाबलं न्हाई. रिकामी जागा हाय. मी रोज सकाळी बघून राहिलो..."

वाक्य अर्धं राहिलं, पण जेवढं झालं तेवढं पुरे होतं.

शितल दारातल्या टेबलावरून उठून पुढे आली. ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं कुलदीपला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं.

"रोज?" ती म्हणाली.

त्याने मान डोलावली.

"आमी पोरींनी घरात बसून, दार लावून दाबलं. कुणाला दिसणार न्हाई असं तूच आत्ता माईकवर बोलला. आन् तू अख्खा तांडा खिशात घालून फिरून राहिला."

"मला फक्त तुझंच..."

"माझं पायजे होतं तर मला काहून न्हाई विचारलं? रोज एका एसटीत बसायचो आपण. आत्तासुद्धा मी माळावर न्हाई, त्या मोंढ्याच्या पलीकडं काम करते. मी जागा रिकामी ठेवली, कारण मला वाटलं तू विचारशील."

कुलदीपला लाज वाटली, खरीखुरी, कानापर्यंत चढणारी, आणि ती त्याच्यासाठी नवी होती. ज्या एका उत्तरासाठी त्याने सगळ्या समाजाची गुपितं उपसून आणली, ते उत्तर एका प्रश्नावर मिळणार होतं आणि आता कदाचित कधीच मिळणार नव्हतं.

मागून जाईचा आवाज आला. "सगळ्यांनी ॲप बंद करा. चहा घ्या. मग उघडा." ती कुलदीपकडे बघत नव्हती. तिची बोटं चालत होती. लोक चहाकडे वळले, कारण भांडायलाही घसा ओला लागतो. चहा संपेपर्यंत तिने फोनांकडे जाणारी सगळी लदेणी बंद केली. आता फोन फक्त विचारणार, माझ्या घराचं कुणाशी जुळलं का, आणि कपाट हिंगोलीतच बसून जुळवणार आणि तेवढंच सांगणार. कुलदीपला वाटलेलं तसा कपाटाचा जीव वगैरे काही गेला नाही. फुटक्या काचांचे तेच फोन पटापटा उत्तरं द्यायला लागले, कारण आता त्यांना वाहायला काही नव्हतं.

पहिला निरोप थावरा आडेंच्याच फोनवर वाजला. त्यांच्या पोराला पुसदकडच्या एका घराने पसंत केलं होतं. थावरांनी ते त्याच खणखणीत आवाजात वाचलं आणि मग माईक खाली ठेवून उपरण्याने डोळे पुसले. लोकांनी नाइलाजाने का होईना, टाळ्या वाजवल्या.

तेव्हा बायकांच्या बाजूने निर्मलाबाई उठल्या. घोळक्यातून वाट काढत, काचांच्या ओढणीचा पदर सावरत त्या सरळ नायकासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"नायक, ते नको म्याच दाबलं."

"काहून, बाई? माझी पोरगी काय वाईट हाय?"

"वाईट असती तर यादीत राहू दिली असती. फोनात नावं वरखाली होऊन राहिली, या बोटानं सरकवा, त्या बोटानं सरकवा. त्यात तुमची पोरगी. मला ते बघवलं न्हाई. बटण दाबल्याबिगर नाव हालेना, मग म्या नको दाबलं, नाव गेलं. तुमची पोरगी मागायची तर तुमच्या दारात गूळ घेऊन यायचं. बोटानं मागायची पोरगी हाय का ती?"

नायकाच्या चेहऱ्यावरची रेघ जरा सैल पडली. "मग आलात काहून न्हाई?"

"गूळ कवाचा आणून ठेवलाय," निर्मलाबाई म्हणाल्या. "ह्यो म्हणला, थांब, ती काय म्हणते ते आधी बघतो."

मंडप हसला. मघाशी एकमेकांच्या गचांड्या धरलेले पवार आणि जाधवसुद्धा एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून हसले. शितल तेवढी हसली नाही.

"या," नायक म्हणाले. "रीतीनं या. पण उत्तर पोरगीच देईल, आन् काय देईल ते मी सांगत न्हाई."

वरच्या तांड्याची गूळ मागण्याची रीत अशी. पोराची आई गूळ घेऊन पोरीच्या घरात जाते. पोराने अंगणात बसायचं. आत बोलणी होतात. घर राजी असेल तर गूळ फोडून तुकडा बाहेर येतो. राजी नसेल तर ढेप जशीच्या तशी परत येते. आत कोण काय बोललं, कोण रुसलं, कोणाला आधी पटलं आणि कोणाला नाही, हे बाहेरच्याला विचारायचं नसतं.

पुढच्या आठवड्यात कुलदीप नायकाच्या अंगणात लिंबाखाली बाजेवर बसला होता. ॲपची सगळी माहिती त्याने आपल्या फोनातून जाईसमोर पुसली होती आणि नायकाने पाठवलं त्या प्रत्येक घरी जाऊन माफी मागितली होती. बहुतेकांनी चहा पाजला. पवारांनी नाही पाजला. याडी आत गेली होती. आणि याडीबरोबर, शितलच्या खास निरोपावरून, जाईसुद्धा आत गेली होती. याचा त्याला सगळ्यात जास्त त्रास होत होता.

भिंत मातीची, जाड. आतलं काही ऐकू येईना. मध्येच भांडी वाजली. मध्येच नायकाचा आवाज चढल्यासारखा वाटला, मग उतरला. एकदा बायका हसल्या, पण कशावर, देव जाणे. नायकाची म्हैस त्याच्याकडे बघत रवंथ करत होती आणि ती डेअरीच्या प्रकरणातल्या म्हशींपैकी आहे की काय असं त्याला उगीच वाटून गेलं.

त्याच्याने राहवेना. त्याने जाईला निरोप टाकला: काय चालू आहे?

उत्तर आलं: जुळणी.

त्याने लिहिलं: कोण काय म्हणतंय? थोडं तरी सांग.

जाईने लिहिलं: उत्तर मिळेल. फक्त उत्तर.

फोन खिशात घालून कुलदीपने दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. अंगणात ऊन सरकत होतं. 'नाही' आलं तर, असं पहिल्यांदाच त्याने मनात पूर्ण वाक्य करून पाहिलं. 'नाही' आलं तर ढेप घेऊन, मुकाट्याने, याडीमागे चालत तांड्यावरून जायचं. लोक बघतील. बघू देत. निदान या वेळी त्याने विचारलं होतं, आणि जिथे उत्तर होतं तिथेच विचारलं होतं.

दार उघडलं. निर्मलाबाई बाहेर आल्या. हातात ताट, ताटावर काचांचा रुमाल. त्यांचा चेहरा असा की त्यावरून काहीच कळू नये. हे त्यांनी मुद्दाम केलं होतं, असं त्या आता सगळ्यांना सांगतात.

ताट त्याच्यासमोर आलं. त्याने रुमाल उचलला. ढेप होती. पहिल्या नजरेत अख्खी वाटली. मग त्याने ताट फिरवलं. मागच्या बाजूचा कोपरा नव्हता. फोडलेला नव्हे, दातांनी तोडलेला. शेजारी तेवढाच एक तुकडा, त्याच्यासाठी.

कुलदीपने तोंड उघडलं. तिने आधी काय म्हटलं, नायकाचा आवाज का चढला, एवढा वेळ कशाला लागला, हसल्या त्या कशावर, सगळे प्रश्न एकदम जिभेवर आले.

दाराच्या चौकटीत शितल उभी होती. "उत्तर मिळालं ना?" ती म्हणाली.

"मिळालं."

"मग आणखी काय पायजे?"

त्याने तिच्याकडे बघितलं, ताटाकडे बघितलं, आणि गूळ तोंडात टाकून गप्प बसला. हे त्याला जन्मात पहिल्यांदाच जमलं.

आता त्यांच्या लग्नाला बरेच दिवस झाले. त्या दिवशी आत काय बोलणं झालं ते कुलदीपला आजही माहीत नाही. जाईला शब्द न् शब्द माहीत आहे, आणि ती रोज सकाळी कपाटावरची हळद पुसताना त्याच्याकडे बघून हसते.